मुठीचें माप

त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेन शहरीं, ज्या आजीबाईंच्या घरीं आम्ही भाड्यानें राहत होतों, तेथें नाताळापूर्वीं तांबड्या बोंडांचा ढीग पडे. आपल्याकडे जिच्या पाल्याच्या भाजीवर लसणीची फोडणी घालतात, त्या अंबाडीचींच हीं बोंडें. तिकडे त्यांस सॉरेल म्हणतात. आलें, लवंगा व दालचिनी घालून वर उकळतें पाणी ओतावयाचें, रात्रभर झांकून ठेवावयाचें, सकाळीं गाळून साखर मिसळावयाची. पुरुषमंडळी त्यांत थोडी रमही ओततात. (आम्हीं ती टाळली, असें येथें लिहिणें सोयीचें!)

हें पेय बाटल्यांतून विकावें असें सुनेनें मनांत घेतलें. सीगर्ट नांवाच्या डॉक्टरानें १८२४ सालीं व्हेनेझुएलांत सिद्ध केलेला कडू अर्क पुढें याच शहरांत आला आणि घराण्याच्या गुप्त कृतीवर जगभर खपला; मग आपलें सरबत कां खपूं नये? अडचण एवढीच कीं, आजीबाईंचें माप म्हणजे मूठ. तेव्हां तराजू घेऊन आम्ही चुलीपाशीं बसलों आणि पातेल्यांत पडण्यापूर्वींच प्रत्येक मूठ तोलूं लागलों. आजीबाई चिडल्या. "पाऊस फार झाला तर बोंडें जास्त लागतात. तें तुमचा तराजू सांगेल काय?"

पहिल्या खेपेचें पेय आंबलें आणि बुचें उडालीं. दुसरी खेप तापवून भरली. ती टिकली, विकलीही गेली. पण आल्याचा झणका हरपला. आजीबाईंनीं एक घोट घेतला, बाटलीवर छापलेलें आपलें नांव पाहिलें, आणि तेवढें खोडून टाका म्हणाल्या. सून कांहीं बोलली नाहीं; रात्रीं उशिरापर्यंत ती लेबलें खरवडीत बसली होती.

त्या नाताळांत घरांत दोन पातेलीं चढलीं. आम्हांस दोन्हींतलें प्यावें लागलें.