बिऱ्हाड मुंबईस न्यावें काय ?

बिऱ्हाड हलविणें हें आपल्याकडे लग्न जमविण्याइतकेंच जोखमीचें काम मानितात, आणि त्यांत अतिशयोक्ति फारशी नाहीं. माणूस एकटा असला म्हणजे वळकटी उचलली आणि निघाला. परंतु पांच माणसांचें घर उचलावयाचें म्हणजे पिठाची गिरणी कोठें, दूध कोणाचें, दवाखाना किती दूर, पाणी किती वाजतां येतें, अशा शंभर गोष्टी पाहाव्या लागतात. गेल्या श्रावणांत बाबांस बढती मिळाली व तिच्याबरोबर मुंबईस बदलीही आली. तेव्हांपासून दिवाळीपर्यंत आमच्या दौंडच्या घरांत या शंभर गोष्टींचाच खल चालला होता. त्याची हकीकत येथें देत आहें. कारण आमच्या वर्गांतील कित्येक मुलींच्या घरीं आज ना उद्यां हा प्रश्न येणार आहे. दौंड हें जंक्शन आहे. येथील पुष्कळ कुटुंबें गाडीनें आलीं आणि गाडीनेंच जावयाचीं.

पुणें जिल्ह्यांतील माणसानें पोटासाठीं मुंबई गांठणें ही जुनी रीति आहे. १८६३ सालीं भोरघाटांतील लोहमार्ग पुरा झाला आणि देशावरून मुंबईस जाणें सुकर झालें. मुंबईचे डबेवाले प्रसिद्धच आहेत. ते बहुतेक आपल्याच जिल्ह्यांतील मावळ, मुळशी, खेड, आंबेगांव, जुन्नर या बाजूंचे. माझ्या आत्याचे सासरे असेच शिरूर तालुक्यांतून जाऊन परळास कापडगिरणींत लागले होते. त्या काळीं पुरुषानें चाळींत दहाजणांच्या खोलींत पथारी टाकावी, खानावळींत जेवावें, आणि बायकोमुलांनीं गांवीं मनीऑर्डरीची वाट पाहावी असा परिपाठ होता. १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, तेव्हां पुष्कळजण परत आले. आत्याचे सासरे मात्र तेथेंच राहिले व पुढें कुटुंबही तेथेंच नेलें.

बाबांचा पहिला विचार या जुन्या परिपाठाप्रमाणेंच होता. ते म्हणाले, “मी एकटा जातों, शनिवारीं रात्रीं येईन, रविवारीं रात्रीं परत जाईन.” दौंडाहून मुंबई सुमारें पावणेतीनशें किलोमीटर, गाड्या पुष्कळ. आईनें त्यांचें सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हटलें, “अहो, दोन चुली पेटवायच्या तर लांकूड दुप्पट लागतं.” (आमच्याकडे चूल नाहीं, गॅस आहे, पण आईचा हिशेब आजीच्या भाषेंत चालतो.) मग तिनें शिवणाच्या मापांची एक जुनी वही घेतली, मागच्या कोऱ्या पानावर उभी रेघ ओढली, आणि एका बाजूस ‘दौंड’ व दुसऱ्या बाजूस ‘मुंबई’ असें लिहिलें. दिवाळीच्या सुटींत आम्ही आठ दिवस आत्याकडे परळास राहून आलों तें ही वही बरोबर घेऊनच.

प्रथम धान्याची गोष्ट सांगतें. शिरूरास आजीच्या शेतांत ज्वारी होते. ती निघाली म्हणजे आमच्या वांट्याचीं पोतीं टेंपोंतून येतात. आई तीं उन्हांत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठींत भरते, आणि वर्षभर आमच्या घरीं भाकरीची चिंता नसते. आत्याच्या घरीं कोठी नाहीं. दोन खोल्या, त्यांत कोठी ठेवावी तर माणसांनीं कोठें निजावें? तेथें दुकान हेंच कोठार. पांच किलो आणावयाचें, संपलें कीं पुन्हां जावयाचें. आईनें वाण्याकडे ज्वारीचा भाव विचारला व वहींत लिहिला. मुद्रेवरून तो तिला रुचलेला दिसला नाहीं. शिवाय समुद्राची हवा ओली. आत्याच्या मिठाच्या बरणींत तांदुळाचे दाणे घातलेले मीं पाहिले व त्याचें कारण विचारलें, तेव्हां ती हंसून म्हणाली, “अगं, नाहींतर मिठाचं पाणी होतं.” साधें मीठ हवेंतील ओल शोषून घेतें हें पुस्तकांत वाचलें होतें, बरणींत पाहिलें तें प्रथमच. पापड, कुरडया, शेवया हें उन्हाळ्याचें वाळवण आमच्याकडे गच्चीवर दोन दिवसांत खडखडीत होतें आणि वर्षभर टिकतें. मुंबईच्या पावसाळ्यांत त्यांस बुरशी येते. चामड्याच्या चपलांसही येते, असें आत्या म्हणाली. आईनें मुंबईच्या बाजूस लिहिलें : ‘घट्ट झांकणाचे डबे — बारा.’

भाजीच्या बाबतींत मला एक मौज वाटली. शिरूर तालुक्यांत कांदा फार होतो. आमच्या काकांचा कांदा कधीं चाकणास, कधीं पुण्यास, तर कधीं रात्रीं ट्रकांत भरून थेट वाशीच्या बाजारांत जातो. कारण मुंबईचा कांदा-बटाट्याचा, भाजीचा व फळांचा मोठा घाऊक व्यापार आतां शहराबाहेर वाशीस आहे. तेथून तो आडत्याकडून लहान व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून हातगाडीवर, आणि हातगाडीवरून आत्याच्या पिशवींत येतो. प्रत्येक मुक्कामावर हमाली आहे, तोलाई आहे, गाडीभाडें आहे आणि नासाडीही आहे. आमच्याच मातीचा कांदा आम्हीं परळास हातगाडीवर विकत घेतला, तेव्हां आई भाव देतांना कांहीं बोलली नाहीं, परंतु घरीं आल्यावर एक कांदा हातांत धरून आत्यास म्हणाली, “वन्सं, हा आपल्याकडचा असेल तर यानं आपल्यापेक्षां जास्त प्रवास केला.”

एवढ्यावरून मुंबईचा बाजार महाग म्हणून सोडून द्यावा असें कोणी समजूं नये. एके दिवशीं आम्ही क्रॉफर्ड मार्केटांत गेलों. ही इमारत १८६९ सालची. हल्लीं तिचें नांव महात्मा जोतिबा फुले मंडई असें आहे. दगडी कमानींखालीं फळांच्या राशी, सुका मेवा, मसाले आणि पिंजऱ्यांतले पक्षी एका छपराखालीं पाहून माझा धाकटा भाऊ गोंधळूनच गेला. तेथून जवळच मंगळदास मार्केट आहे. तेथें कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे. आई शिवणकाम करते. गेलीं चवदा वर्षें दौंडांतील बायकांचे झंपर व मुलींचे गणवेष ती शिवीत आली आहे. अस्तर, लेस, गुंड्या यांसाठीं तिला पुण्यास रविवार पेठेंत खेप घालावी लागते. मंगळदास मार्केटांत तिनें अस्तराचा भाव ऐकला आणि दुकानदारास तो पुन्हां सांगावयास लाविला. वहींत मुंबईच्या बाजूस या एका ओळीखालीं तिनें दोन रेघा ओढल्या.

पण त्याच संध्याकाळीं ती गप्प होती. अस्तर स्वस्त मिळालें तरी झंपर शिवावयाचा कोणाचा ? गिऱ्हाईक बाजारांत विकत मिळत नाहीं. दौंडांत तिच्या वहींत दोनशें बायकांचीं मापें आहेत. कोणाचा खांदा उतरता, कोणास गळा बंद हवा, कोण पैसे पगार झाल्यावर देणार, हें सर्व तिला पाठ आहे. तसेंच आमच्या वाण्याचें. त्याच्याकडे आमचें खातें आहे. बाबांचा पगार एकदां पुढें गेला तेव्हां दीड महिना त्यानें सामान दिलें आणि एका शब्दानेंही टोंकलें नाहीं. आत्याच्या घराजवळील मोठ्या दुकानांत सर्व माल मांडून ठेविलेला, भाव छापलेले, हवा थंडगार. आपण हवें तें टोपलींत घालावें आणि दारांत पैसे चुकते करून बाहेर पडावें. स्वच्छता उत्तम, वजन चोख. फक्त तेथें कोणी कोणास ओळखीत नाहीं. आतां भ्रमणध्वनीवरून मागविलेलें सामान मुंबईंत कांहीं ठिकाणीं दहा-पंधरा मिनिटांत दारांत येतें, आणि दौंडासही कपडे, पुस्तकें, भांडीं दोन-चार दिवसांनीं येतातच. तेव्हां अमुक वस्तू तेथें मिळते आणि येथें मिळत नाहीं, हा जुना भेद पुष्कळसा मिटला आहे असें मला वाटतें. जिन्नस कोठेंही येतो. उधारी मात्र पार्सलानें येत नाहीं.

पाणी, वीज, शाळा यांविषयीं फार लिहीत नाहीं. मुंबईचें पाणी दूरच्या तलावांतून येतें. विहार तलाव १८६० चा, तानसा १८९२ चा. नळास ठराविक वेळींच पाणी, ही गोष्ट आत्याकडेही आमच्यासारखीच निघाली. शिक्षणाची सोय तेथें अधिक आहे, याबद्दल घरांत वाद नव्हता. भावाची कसोटी अगदीं निराळी होती : समुद्र. गिरगांवच्या चौपाटीवर त्यानें पाय भिजविले आणि मुंबईच्या बाजूनें आपलें मत देऊन टाकिलें. बाबांनीं त्यास सांगितलें कीं, २००५ च्या २६ जुलै रोजीं याच मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या दौंडास सबंध वर्षांतही त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतो. भावानें विचारलें, “मग शाळेला सुटी होती कां ?” त्याला आणखी एक आनंद झाला. भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर आम्ही हिवाळ्यांत रोहित पक्षी पाहावयास जातों. तेच पक्षी ठाण्याच्या खाडींतही उतरतात असें आत्यानें सांगितलें. तेव्हां तेवढ्यापुरतें तरी त्याचें कांहीं सुटणार नव्हतें.

आतां वहींत जें लिहितां आलें नाहीं तें. आमची आजी शिरूरास राहते. घोडनदीच्या गांवांत तिचें घर आहे, जवळच काका आहेत. दोन वर्षांपूर्वीं एका रात्रीं तिच्या छातींत कळ आली. काका तिला गाडींत घालून पुण्याकडे निघाले, आणि बाबा दौंडाहून निघून तिच्या पाठोपाठ रुग्णालयांत पोंचले. नगर रस्त्यावर वाहनांची दाटी किती असते हें ज्यांना माहीत आहे त्यांना त्या रात्रीची कल्पना येईल. वाघोलीपाशीं गाडी मुंगीच्या पावलांनीं चालली होती असें काका अजून सांगतात. आजी बरी झाली. परंतु तेव्हांपासून महिन्यांतून दोनदां बाबा न्हावऱ्यावरून शिरूरास जातात. दीड तासांत पोंचतात, औषधें पाहतात, आजीच्या हातची भाकरी खातात आणि परत येतात. शिरूरास रेल्वे नाहीं. मुंबईहून तेथें जावयाचें म्हणजे दिवस मोडला. आणि रात्रीं फोन आला तर ?

उलट परळास आत्याच्या घरापासून के. ई. एम. रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९२६ सालीं सुरू झालेलें तें मोठें रुग्णालय. महाराष्ट्रांतून माणसें तेथें येऊन बाहेर पदपथावर मुक्काम करतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. तेव्हां बाबांनीं मनाशीं ठरविलें कीं आजीसच मुंबईस न्यावें, म्हणजे दोन्ही प्रश्न सुटले. परतीच्या वाटेवर आम्ही सर्वजण शिरूरास उतरलों.

आजीनें आधीं आम्हांस जेवूं घातलें. मग बाबांचें बोलणें पुरतें ऐकलें, रुग्णालय किती जवळ आहे तेंही ऐकलें, आणि म्हणाली, “दवाखाना जवळ आहे म्हणून दवाखान्याशेजारीं जाऊन राहूं कां रे ? इथं सकाळीं ओट्यावर बसलें तर दहा माणसं विचारून जातात. तिथं चौथ्या मजल्यावर मला कोण विचारील ?” बाबांनीं आईकडे पाहिलें. आई म्हणाली, “सासूबाई म्हणतात तें खरं आहे. पण ह्यांनीं बढती नाकारली तर पुन्हां मिळायची नाहीं, आणि पोरीचं कॉलेज तोंडावर आलंय.” बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं आजीच म्हणाली, “थंडीचे दोन महिने मी येईन. पावसाळ्यांत नाहीं. आणि तुम्हीं सगळ्यांनीं जायचं. एकट्यानं जायचं नाहीं. तुझ्या बहिणीच्या सासऱ्यानं खानावळींत जेवून पोट बिघडवलेलं मी पाहिलंय.”

तसें ठरलें. माझी शालान्त परीक्षा मार्चमध्यें आहे. तोंपर्यंत बाबांनीं रुजू होण्याची मुदत मागून घेतली व ती मिळाली. मे महिन्यांत आम्ही जाणार. काकांचा थोरला मुलगा आतां रात्रीं आजीच्या घरींच निजतो, आणि त्याच्या फोनांत शिरूरांतील दोन डॉक्टरांचे व रुग्णवाहिकेचे क्रमांक बाबांनीं स्वतः घालून दिले आहेत. तरीही रात्रीं फोन वाजला कीं बाबा दचकून उठतात. तें मुंबईंत गेल्यावर कमी होईल असें मला वाटत नाहीं.

आईनें संक्रांतीनंतर नवें काम घेणें बंद केलें. मापांची वही तिनें आमच्याच गल्लींतील, नुकतेंच शिवण शिकलेल्या एका मुलीस देऊन टाकिली. देण्यापूर्वीं मात्र मागचें ‘दौंड-मुंबई’चें पान फाडून घेतलें. शिवणयंत्र बरोबर येणार आहे. खाऱ्या हवेंत सुया गंजतात म्हणून तेलाची एक जास्त कुपी घेतली आहे. आजीनें ज्वारीचें एक पोतें वेगळें काढून ठेविलें असल्याचा निरोप आला आहे. तें चौथ्या मजल्यावर कसें चढवावयाचें आणि दोन खोल्यांत कोठें ठेवावयाचें, याचा विचार घरांत सध्यां चालू आहे.