पांढरा कापूस करडा का दिसतो

परतवाड्याच्या बाजारात कापूस यायला लागला की मोबाइलवर त्याच्या गंज्यांचे फोटो फिरू लागतात, आणि त्यातल्या कितीतरी फोटोंत पांढराशुभ्र कापूस मळकट करडा दिसतो. दोष कॅमेऱ्याच्या किमतीचा नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरी करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. सगळीकडे पांढरंच दिसलं की उजेड जास्त झाला असं समजून तो फोटो काळवंडवतो. मेळघाटातल्या काळ्या रानगव्याने चौकट भरली तर नेमकं उलटं होतं, गवा धुरकट उमटतो. महागडा कॅमेरा हा हिशेब जास्त हुशारीने करतो, पण गंजी मुळात किती पांढरी होती हे त्यालाही ठाऊक नसतं. कापसाला एक-दीड स्टॉप उजेड वाढवायचा आणि गव्याला कमी करायचा, हे हाताला कळतं ते बिघडलेला फोटो नीट पाहिल्यावर.

यावर रास्त आक्षेप आहे: तिन्हीसांजेला सिपना नदीकाठच्या सागवनात मोबाइल काय कामाचा? तिथे लांब पल्ल्याची, भरपूर उजेड घेणारी लेन्स लागतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. दादासाहेब फाळक्यांनीही १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणलाच होता. पण त्याआधी ते बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले होते, गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला होता. आणि नवा कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. यंत्र आलं ते गरज नेमकी कळल्यावर. गरज न कळता नुसतं यंत्र घेऊन भागत नाही: धावतं चितळ एक तीसांश सेकंदाला फरकाटणारच, लेन्स लाखाची असली तरी.

आता फोटो फुकट निघतात, मग सगळेच तरबेज का होत नाहीत, असंही कुणी विचारेल. कारण चूक झाली की ती लगेच पुसली जाते. छत्तीस फोटोंच्या रोलात प्रत्येक चुकीला पैसे पडत, म्हणून माणूस तिच्याकडे निरखून बघायचा. आज शटरचा वेग, अॅपर्चर, आयएसओ हे सगळं फाइलमध्येच नोंदलेलं असतं. वही ठेवायचेही कष्ट नाहीत, फक्त उघडून बघायचं. तेव्हा बहिरमच्या यात्रेला जाल तर नव्या लेन्सचा विचार बाजूला ठेवा. आहे त्याच मोबाइलने गोवऱ्यांवर भाजणारे रोडगे आणि त्यांचा धूर टिपा, आणि बिघडलेले फोटो घरी येऊन नीट बघेपर्यंत डिलीट करू नका.