साखर घराण्यातच आहे म्हणतोस

पिरंगुट

चि. बाळूस,


तुझा रिपोर्ट सूनबाईनं पाठवला. खाली तुझं वाक्य होतं, ‘आत्या, साखर आपल्या घराण्यातच आहे, चुकणार थोडीच?’ तेव्हापासून ते मनात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

घराण्याचंच बघायचं तर तुझ्या आजोबांपासून, आप्पांपासून बघ. भाताचा राब भाजण्यापासून झोडपणीपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. लावणीला पाठीवर इरलं घेऊन पोटरीभर चिखलात दिवसभर वाकलेले असायचे. ऐंशीच्या पुढेही गोठ्यात उकिडवे बसायचे नि हात न टेकता उठायचे. साखर त्यांना शेवटपर्यंत नव्हती. मग खाचरं प्लॉटिंगला गेली, तुझे बाबा कंपनीत लागले, घाट मोटारसायकलवर चढू लागले आणि पन्नाशीच्या आत गोळ्या सुरू झाल्या. रक्त तर एकच होतं ना?

रक्ताला मी कमी लेखत नाही. डेन्मार्कमध्ये 1870 ते 1900 या काळात जन्मलेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला, त्यात माणसामाणसांच्या आयुर्मानातल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा आनुवंशिकतेचा निघाला. आणि आपले महर्षी कर्वे बघ. मुरुडहून चालत साताऱ्याला परीक्षेला गेले, तर अंगानं इतके किरकोळ की सतरा वर्षांचे आहेत हेच कमिटीला पटेना; परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे हिंगण्याहून पुण्यात पायी येऊन शिकवत. ते 104 वर्षं जगले. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव 1953 साली, 71व्या वर्षी गेले, वडिलांच्या नऊ वर्षं आधी. एका घरावरून सिद्धांत मांडू नये, पण वडिलांचं आयुष्य मुलाच्या नावावर होत नाही, एवढं दिसतंच.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बाया नि त्यांची मुलं अभ्यासली. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं हडकुळी, पण चरबी त्या मानानं राखून असलेली. मोठेपणीही तेच. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. दोघांचा फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ‘मी कुठं जाडा आहे?’ असं तू म्हणतोस, तेव्हा मला तो फोटो आठवतो.

आईच्या पोटात काय मिळालं, काय नाही, तेही अंगात उतरतं. ती काही कुणाची निवड नसते. पण अशा अंगाला दिवसभर खुर्ची आणि रात्री दहाला जेवण सोसत नाही. घराण्यात आहे म्हणूनच तुला इतरांपेक्षा जास्त हालचाल हवी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा अभ्यास 2006 साली आला. तुझ्यासारखे मधुमेहाच्या काठावरचे लोक आहार सांभाळून रोज अर्धा तास चालले, तेव्हा तीन वर्षांत मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला. गेला नाही, पण घटला. मला तेवढं पुरेसं वाटतं.

तीन महिन्यांची साखर पुन्हा तपासून घे आणि डॉक्टरांना कमरेचा घेरही दाखव. शनिवारी मुक्कामाला ये. उरलेल्या दोन खाचरांत यंदा इंद्रायणी भात करतोय, लावणीला माणसं मिळत नाहीत. जुने कपडे आण.

तुझी,
आत्या