भिंतीवर चेहरा कुणाचा?

मनाच्या आजाराचे चित्र काढायला सांगितले, तर बहुतेक जण काय काढतील? अंधाऱ्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोके खुपसून बसलेला माणूस! त्याला ना चेहरा, ना नाव. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांना मात्र ठाऊक असते, की हाच माणूस सकाळी चहा ठेवतो, मुलांचा अभ्यास घेतो, कधी खळखळून हसतोही.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने त्या माणसाच्या हाती कुंचलाच दिला. १९८४ मध्ये भिंती खरडणाऱ्या मुलांना चित्रकलेकडे वळवण्यासाठी तेथे एक मोहीम निघाली. चित्रकर्ती जेन गोल्डन यांनी तिला भित्तिचित्रांचे वळण दिले. पुढे शहराच्या मानसिक आरोग्य विभागाच्या सोबतीने ‘पोर्च लाइट’ हा उपक्रम उभा राहिला. उपचार घेणारे, शेजारीपाजारी आणि चित्रकार एकत्र बसतात. त्यांच्या गप्पांतूनच चित्राचा विषय ठरतो.

रंगवण्याची रीतही सोयीची आहे. पातळ कापडाच्या तुकड्यांवर आराखडा उतरवून कुठे कोणता रंग भरायचा, हे आकड्यांनी दाखवतात. टेबलाशी बसून रंगवलेले हे तुकडे नंतर भिंतीवर चिकटवले जातात. परांचीवर चढणे किंवा रस्त्यावरची गर्दी ज्याला सोसवत नाही, त्याचाही हात चित्राला लागतो.

२०१२ मध्ये जेम्स बर्न्स यांच्या ‘फाइंडिंग द लाइट विदिन’ या भित्तिचित्रासाठी आत्महत्येमुळे आप्त गमावलेली माणसे पुढे आली. ज्या मृत्यूविषयी घरातही कुजबुजत बोलतात, तो भर रस्त्यावर बोलका झाला.

चित्र हे काही औषध नव्हे. पण येल विद्यापीठाच्या संशोधकांनी या उपक्रमाची पाहणी केली, तेव्हा नव्या भित्तिचित्रांच्या आसपास राहणाऱ्यांच्या मनातील मनोरुग्णांविषयीची अढी तुलनेने कमी झालेली आढळली.

‘चार लोक काय म्हणतील?’ या धाकाने आपल्याकडेही कितीतरी घरे आजार लपवतात, उपचार लांबवतात. भिंत तर त्या चार लोकांच्या रोजच्या वाटेवरच असते. म्हणून शाळेच्या वा दवाखान्याच्या भिंतीवर हा विषय रंगवायचा असेल, तर रंग कालवण्याआधी तो आजार भोगलेल्या माणसाला विचारावे, ‘तुम्हाला इथे कसे दिसायला आवडेल?’