सई, तुझी इम्युनिटी कमी झालेली नाही

चि. सईस,


ताईनं तुझे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवले आणि पाठोपाठ तुझा निरोप आला : "मावशी, सी-३ आणि सी-४ दोन्ही कमी आलेत. म्हणजे माझी इम्युनिटी कमी झालीय ना? मग डॉक्टर ती आणखी कमी करायची औषधं का देतायत?" हा प्रश्न तू मनात न ठेवता विचारलास हे फार बरं झालं. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, झालेल्या कितीतरी मुली हीच शंका मनात घेऊन रोजच्या गोळ्या घेतात, आणि काही जणी तिच्यापायी गोळ्या सोडून देतात. म्हणून तुझी परवानगी घेऊन हे उत्तर चारचौघींना वाचता येईल असं लिहिते आहे. नाव तेवढं बदललं आहे.

आधी ते आकडे. सी-३ च्या पुढे ५२ आहे आणि बाजूला ९० ते १८० अशी मर्यादा छापली आहे. सी-४ सहावर आलंय. हे आकडे म्हणजे रक्तात त्या घडीला उरलेली शिल्लक. पासबुकातली शिल्लक घटली म्हणून पगार कमी झाला असं आपण लगेच म्हणत नाही, आधी पैसे कुठे जातायत ते बघतो. सी-३ आणि सी-४ ही रक्तातली प्रथिनं आहेत, आणि तुझं यकृत ती बनवतंय. ती बनतात त्याहून वेगानं खर्च होतायत. म्हणजे तुझ्या अंगात प्रतिकाराचं काम कमी पडलेलं नाही, नको तिथे आणि नको तितकं चाललंय.

ती कशावर खर्च होतायत हे समजायला थोडं मागे जाऊ. १८९५ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ज्यूल बोर्दे हा पंचविशीतला बेल्जियन डॉक्टर कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होता. या जंतूंविरुद्ध लस टोचलेल्या प्राण्याचं सीरम जंतूंना फोडून टाकतं, हे दिसत होतं. तेच सीरम ५६ अंशांपर्यंत तापवलं की त्याची ताकद जायची. मग त्यात लस न टोचलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम घातलं. हे ताजं सीरम एकटं फारसं काही करू शकत नव्हतं, पण तापवलेल्या सीरममध्ये मिसळल्यावर जंतू पुन्हा फुटू लागले. याचा अर्थ रक्तात दोन निराळ्या गोष्टी होत्या. एक उष्णता सोसणारी आणि ठरावीक जंतूलाच ओळखणारी, त्या अँटिबॉडीज. दुसरी नाजूक, लस टोचलेली असो वा नसो, रक्तात आधीपासूनच असणारी. ही दुसरी म्हणजे कॉम्प्लिमेंट. बोर्देला १९१९ चं नोबेल मिळालं. प्रयोगशाळेत आजही सीरम ५६ अंशांवर अर्धा तास ठेवून कॉम्प्लिमेंट निकामी करतात. मी शिकवत होते तेव्हा मुलांना हे करायला लावताना बोर्देचं नाव सांगितल्याशिवाय पुढे जात नसे.

कॉम्प्लिमेंट हे एकच प्रथिन नाही, तिसाहून जास्त प्रथिनं आहेत. तुझं सी-३ आणि सी-४ त्यातलीच. रक्तात ती निष्क्रिय फिरत असतात. एक सक्रिय झालं की ते दुसऱ्याला कापतं, त्याचा तुकडा तिसऱ्याला. यातल्या कितीतरी प्रथिनांना क्रमांक शोध लागला तसे मिळाले, त्यामुळे साखळी सी-१ वरून सी-४ वर उडी मारते, मग सी-२ आणि त्यानंतर सी-३. परीक्षेच्या आदल्या रात्री हा क्रम पोरांना रडवतो. तू तो विसरलीस तरी चालेल. सुरुवात कुठूनही झाली तरी सगळे मार्ग सी-३ पाशी येतात, एवढं पुरे.

सी-३ कापलं गेलं की दोन तुकडे होतात. लहान तुकडा वाहत जाऊन आसपासच्या पेशींना चेतवतो. मोठ्या तुकड्याच्या, म्हणजे सी-३बीच्या आत दडलेला एक रासायनिक बंध त्याच क्षणी उघडा पडतो आणि समोर येईल त्या पृष्ठभागाला पक्का जोडला जातो. त्यासाठी त्याला मिळणारा वेळ सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका. तेवढ्यात काही सापडलं नाही तर पाण्याशीच त्याचा संयोग होतो आणि तो वाया जातो. इतक्या थोड्या आयुष्यामुळेच तो लांब जाऊन भलत्याला चिकटत नाही. मला या एका तपशिलाचं नेहमी नवल वाटत आलंय. सी-३बी बसलेला जंतू भक्षक पेशी चटकन गिळतात. साखळी आणखी पुढे सरकली तर सी-९ ची दीड डझनापर्यंत प्रथिनं गोलाकार जुळून जंतूच्या आवरणात दहा नॅनोमीटर रुंदीचं भोक पाडतात.

आता मुख्य गोष्ट. सी-३ जंतूची वाट बघत बसत नाही. ते रक्तात थोडं थोडं, आपोआप, सतत सक्रिय होत असतं. अँटिबॉडीशिवायही कॉम्प्लिमेंट सुरू होतं हे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या लुई पिलेमर यांनी १९५४ साली मांडलं. त्यांच्यावर कडक टीका झाली. १९५७ साली ते गेले, आणि त्यांचं म्हणणं खरं असल्याचं पुढच्या दोन दशकांत सिद्ध झालं. हयातीत त्यांना हे पाहायला मिळालं नाही याची मला मनापासून हळहळ वाटते.

सतत सक्रिय होणारं प्रथिन आपल्या स्वतःच्या पेशींवरही बसणारच, नाही का? बसतं. तरी आपण टिकतो, कारण आपल्या पेशींच्या आवरणावर त्याला तिथल्या तिथे निकामी करणारी रोधक प्रथिनं असतात, आणि रक्तातही फॅक्टर एच सारखी आणखी काही फिरत असतात. जंतूंकडे सहसा ती नसतात. पीएनएच नावाचा एक दुर्मीळ रक्तविकार आहे. त्यात तांबड्या पेशींवर सीडी-५५ आणि सीडी-५९ ही दोन रोधकं नसतात. बाहेरून कुणी जंतू आलेला नसतो, तरी पेशी स्वतःच्याच कॉम्प्लिमेंटनं फुटत राहतात. या रुग्णांसाठी सी-५ ला अडवणारं औषध २००७ साली आलं. ते घेणाऱ्यांना मेंदूज्वराच्या एका विशिष्ट जंतूपासून धोका वाढतो, म्हणून त्याची लस द्यावी लागते. म्हणजे कॉम्प्लिमेंट पुरतं अडवूनही चालत नाही. निसर्गानं पेटवण्यावर जेवढी मेहनत घेतली आहे तेवढीच विझवण्यावर घेतली आहे. "इम्युनिटी वाढवा" म्हणणाऱ्या जाहिरातींत हा विझवण्याचा भाग औषधालाही सापडत नाही, आणि तुझा आजार नेमका त्या भागातला आहे.

विझवण्यात सफाईही आली. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. त्यांचे अवशेष वेळेवर उचलायला हवेत, आणि ते उचलायला कॉम्प्लिमेंटचं पहिलंच प्रथिन, सी-१क्यू, मदत करतं. काही मोजकी मुलं सी-१क्यूशिवाय जन्माला येतात. त्यांना जंतुसंसर्ग होतातच, पण त्यांच्यातल्या बहुतेकांना ल्युपससारखा आजार होतो! पहिल्यांदा हे वाचलं की धक्का बसतो. कॉम्प्लिमेंट कमी, तर स्वतःवरचा हल्लाही कमी व्हायला हवा. पण सफाई थांबली की मेलेल्या पेशींमधला डीएनए उघड्यावर पडून राहतो आणि शरीर त्याच्याच विरुद्ध अँटिबॉडी तयार करू लागतं. तुझ्या रिपोर्टवरचं अँटी-डीएसडीएनए म्हणजे हीच अँटिबॉडी. तुझ्यात सी-१क्यू जन्मतः नाही असं मी म्हणत नाही. तसं फार क्वचित असतं. मात्र तुझ्या या अँटिबॉडी डीएनएला धरून गुठळ्या करतात. त्या गुठळ्या मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांत अडकतात, तिथे कॉम्प्लिमेंट सुरू होतं, आणि सी-३, सी-४ तिथे खर्ची पडतात. सी-५ चा एक तुकडा पांढऱ्या पेशींना तिकडे ओढून आणतो, सूज येते, लघवीतून प्रथिन जायला लागतं. डॉक्टर दर वेळी लघवी का तपासतात, ते आता कळलं असेल.

आता तुझा ताप, आणि अंघोळ करूनही दमायला होणं. यामागे सायटोकाइन आहेत. एका पेशीनं सोडलेली, दुसऱ्या पेशीचं वागणं बदलणारी ही छोटी प्रथिनं फार थोड्या प्रमाणात काम करतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ रक्तातून मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत निरोप पोचवतात आणि ताप चढतो. ल्युपसमध्ये यांच्याहून मोठी भूमिका इंटरफेरॉनची. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि स्विस संशोधक ज्याँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पापुद्र्यावर निकामी केलेला फ्लूचा विषाणू ठेवला. त्या पापुद्र्यातून जो द्रव पाझरला, त्यानं ताज्या पापुद्र्यांचं जिवंत विषाणूपासून रक्षण केलं. त्यातल्या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं. विषाणूंविरुद्ध ही आपली फार मोलाची सोय आहे. पण डीएनए आणि अँटिबॉडीच्या त्या गुठळ्या काही विशिष्ट पेशींच्या पोटात गेल्या, की विषाणू शिरल्यासारखं समजून त्या पेशी इंटरफेरॉन ओततच राहतात. त्यानं अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना आणखी जोर येतो, आणखी गुठळ्या, आणखी इंटरफेरॉन. इतर आजारांसाठी इंटरफेरॉन औषध म्हणून टोचलेल्या काही रुग्णांना ल्युपससारखा त्रास झाला, हा याचा एक पुरावा. २०२१ साली अमेरिकेत ल्युपससाठी ॲनिफ्रोल्यूमॅब मंजूर झालं. ते पेशींवरचं इंटरफेरॉनचं ग्राही प्रथिन (रिसेप्टर) अडवतं.

तुझी रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी याच वर्तुळावर बोट ठेवते. त्या गुठळ्यांतला डीएनए ओळखून पेशीच्या आत जो इशारा उठतो, तो ती मंद करते. मुळात मलेरियासाठीची ही साधी गोळी. २०२० च्या वसंतात कोविडच्या भीतीनं लोकांनी ती घरात भरून ठेवली, आणि ज्यांना ती खरोखर हवी अशा ल्युपसच्या रुग्णांना औषधांच्या दुकानांतून रिकाम्या हातानं परतावं लागलं. त्याचा राग मला अजून आहे.

रिपोर्टवरची आणखी एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली असेल. सूज दाखवणाऱ्या दोन आकड्यांपैकी ईएसआर खूप वाढलाय, सीआरपी मात्र जेमतेम वर आहे. सीआरपी यकृत बनवतं, इंटरल्यूकिन-६ नं सांगितलं म्हणून. ल्युपस उसळला तरी सीआरपी पुष्कळदा फारसं चढत नाही, आणि इंटरफेरॉन त्याला दाबतं हे त्यामागचं एक कारण मानतात. म्हणून कधी ताप येऊन सीआरपी एकदम खूप वर गेलं, तर ल्युपसच असेल म्हणून घरी थांबू नकोस. जंतुसंसर्ग आहे का ते त्याच दिवशी दाखव.

आता स्टेरॉइडची भीती. कोविडच्या दिवसांत घराघरांत इम्युनिटी वाढवायच्या गोष्टी चालल्या होत्या, काढे उकळत होते. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचे निकाल आले. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त, प्रतिकारशक्तीला आवरणारं औषध. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत त्यानं मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी केले, ऑक्सिजनवर असलेल्यांत एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. कोविडच्या त्या गंभीर अवस्थेत विषाणूइतकंच आपल्या सायटोकाइननं फुप्फुसांना पोळलं होतं. तुझं प्रेडनिसोलोन त्याच जातीचं औषध आहे. त्याचे दुष्परिणाम खरे आहेत, चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतील. तू स्वतःहून एकदम बंद करू नकोस. काही आठवडे ते घेतल्यावर शरीर आपलं नैसर्गिक कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं, आणि अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.

आणि गुळवेल. आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, मायेनं काढा सुरू केलाय ते मला माहीत आहे. पण प्रतिकारशक्ती चेतवते असं जिच्याबद्दल म्हणतात ती वस्तू तुला नकोच आहे. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, आणि त्यात स्वतःच्या यकृतावर हल्ला करणाऱ्या आजाराची लक्षणं त्यांना दिसली होती. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. तो वाद तज्ज्ञ मिटवतील, पण तुझ्यावर हा प्रयोग करायचं काही कारण मला दिसत नाही.

पुढच्या तपासणीपासून एक वही कर. सी-३, सी-४, अँटी-डीएसडीएनए आणि लघवीतलं प्रथिन, चारही आकडे तारखेसकट एकाच ओळीत लिही. एकटा आकडा बघून घाबरू नकोस. काही जणींचं सी-४ जनुकांमुळे बरं असतानाही कमीच राहतं. तुझे आकडे तीन-चार महिन्यांत कुठून कुठे गेले, ते डॉक्टरांना महत्त्वाचं. सी-३ चढायला लागलं, लघवीतलं प्रथिन उतरायला लागलं, म्हणजे खर्च आटोक्यात येतोय. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी डोळ्यांची पहिली तपासणी अजून झाली नसेल तर या महिन्यात करून घे. उन्हात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाल आणि सनस्क्रीन लाव, कारण उन्हानं त्वचेतल्या पेशी मरतात आणि त्यांचे अवशेष उचलायचं काम वाढतं.

आजीशी काढ्याबद्दल तू बोलू नकोस, मी रविवारी फोन करते.

तुझी,
मावशी