आधी ताटली उचल

चि. वंदनास,

म्हाताऱ्या मांजरीच्या मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी कमी फॉस्फरसचं खाणं सांगितलं, ते योग्यच आहे. पण घरात बोका आणि वाढतं पिल्लूही असताना ताटली दिवसभर भरलेली राहिली, तर पथ्याचं महागडं खाणं बोका फस्त करणार आणि म्हातारी त्याचं उरलंसुरलं चाटणार. म्हणून आधी ताटली उचल. मांजर थोडं थोडं खातं हे खरं, तेव्हा दिवसातून चार वेळा वाढ, आणि अर्ध्या तासानं उरलेलं झाकून ठेव. म्हातारीला आतल्या खोलीत, कडी लावून. बोक्याला कणगीवर, कारण थकल्या सांध्यांनी ती तिथवर चढत नाही. पिल्लासाठी कोंबड्यांचं डालं विटांवर पालथं घाल. फट एवढीच ठेव की पिल्लू सरपटत आत जाईल आणि बोक्याचं डोकं बाहेरच अडेल. वर दगड ठेव, वाटी मधोमध सरकव, म्हणजे पंजाही पोचणार नाही.

सगळ्यांनाच पथ्याचं घातलं तर सोपं जाईल, असं वाटेल. पण त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस मुद्दाम कमी केलेले असतात आणि पिल्लाची हाडं त्यावरच वाढतात. चकलांबा गावात कुणीही सांगेल की पिढ्यान्‌पिढ्या मांजरं दूधभाकरीवर जगली. ती जगली उंदरांवर. दूधभाकरी वरकड होती. टॉरिन हे पोषकद्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं बनत नाही, ते मुख्यतः मांसातून मिळतं. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्य पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ते कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं, आणि दिलं तर सावरतं. म्हातारी बाहेर एखादा उंदीर खाईलही. तेवढ्यानं पथ्य वाया जात नाही. रोज चार वेळा तुझ्या हातून काय जातं, त्यावर जास्त अवलंबून आहे.

भूक लागली की म्हातारी पथ्याचं आपोआप खाईल, हे मात्र मनातून काढून टाक. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः लठ्ठ असलं, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. नवं खाणं जुन्यात चिमूटभर मिसळत दहा-पंधरा दिवसांत वाढव. तोंड फिरवलं तर जुनंच दे आणि डॉक्टरांना विचार. दर रविवारी म्हातारीला पिशवीत बसवून काट्याला लाव, वजन कालनिर्णयावर लिही. सलग दोन रविवार घटलं, तर डॉक्टरांनी दिलेल्या पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस.

तुझा,
काका