सरस

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या आमच्या घरात हिवाळ्याच्या सकाळी चहाच्या आधी सरसाचा वास यायचा. जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो डिंक. अब्बा त्याचे तुकडे रात्रीच थंड पाण्यात भिजत घालायचे. सकाळी ते फुगले की डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचे. थेट चुलीवर कधीच नाही. सरसाला साठ अंशांच्या आसपासची ऊब पुरते. उकळला की त्याची ताकद जाते. अब्बांकडे थर्मामीटर नव्हता. पाकाची तार बघावी तशी ते काडीवरचा थेंब किंचित निवू देऊन अंगठा आणि बोटात धरायचे. तार आली की म्हणायचे, "चल, हात चला." कारण सरस निवायला लागला की थांबत नाही.

मला त्या वासाची लाज वाटायची. कॉलेजातल्या मित्रांना घरी बोलवायला मी कचरायचो. बाजारात पांढऱ्या डिंकाचे डबे केव्हाच आले होते. फेविकॉल 1959 पासून मिळत होतं, सुतारांच्या दुकानांत त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं. भिजवणं नाही, वास नाही. अब्बा मात्र घरातली खुर्ची, स्टूल सांधायला तो वापरत आणि वाद्याला हात लावताना सरसाचा डबा ओढत. मला तो हट्ट वाटायचा.

1987 साली एक गायनमास्तर आपला तंबोरा घेऊन आले. त्यांच्या वडिलांचा. भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली तुनाच्या लाकडाची तबली एका कडेला सुटली होती. अब्बा भोपळे आणायला पंढरपूरकडे गेले होते. काम एका दुपारचं. मी जुना सरस खरवडलाही नाही. फटीत पांढरा डिंक भरला, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून रात्रभर ठेवला. सकाळी जोड असा बसला की नख शिरेना. मास्तर खूश होऊन गेले. मी अब्बांना काही बोललो नाही.

दोन वर्षांनी तो तंबोरा परत आला. घोडीखाली तबली दबली होती. हे होतंच, तारांचा ताण दिवसरात्र असतो. अशा वेळी तबली काढायची, आतून आधार द्यायचा आणि परत बसवायची. सरसाचा जोड असेल तर ऊब आणि ओल देत पातळ पातं सरकवलं की तो सुटतो. अब्बांनी तीन बाजू तशाच सोडवल्या. चौथ्या बाजूला पातं अडकलं. त्यांनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये खुलता नै बेटा, फटता है."

त्यांनी पातं तापवून पाहिलं. डिंक रबरासारखा मऊ झाला, पण तो भोपळ्याच्या भुसभुशीत काठात मुरला होता. सुटताना काठाची ढलपी घेऊन सुटला आणि तबलीला टोकापासून चीर गेली. नवी तबली बसवावी लागली. अब्बांनी पैसे घेतले नाहीत. मास्तरांनी तार छेडली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "आवाज चांगलाय," म्हणाले, "पण हा आमच्या अण्णांचा नाही." ते गेल्यावर मी अब्बांकडून शिव्यांची वाट बघत बसलो. त्या आल्याच नाहीत.

पुढे मी फर्निचरच्या धंद्यात गेलो आणि पांढऱ्या डिंकावरच घर चालवलं. त्याला मी नावं ठेवणार नाही. कपाट, पाट, देव्हारा यांचे जोड उघडायचेच नसतात. तिथे तोच योग्य. पावसात भिजणाऱ्या खिडकीला मात्र पाण्याला दाद न देणारा प्रकार हवा. सागाच्या अंगात तेल असतं, म्हणून रंधा मारून लगेच चिकटवावं. जोड सैल असेल तर पांढरा डिंक फट भरतो पण धरत नाही. तिथे दोन नळ्यांतलं मिसळून लावायचं इपॉक्सी चालतं. आणि शिकंजा फार आवळला तर डिंक सगळा बाहेर येतो, जोड उपाशी राहतो.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. माझा पुतण्या त्यानंतर या कामात शिरला. परवा त्याने विचारलं, "चाचा, सगळ्यात पक्का डिंक कुठला?" मी म्हटलं, "आधी सांग, हा जोड पुन्हा कुणाला उघडावा लागणार आहे?" तो म्हणाला, "मला काय माहीत? पन्नास वर्षांनी कुणी उघडेल."

"मग त्या कुणाचा तरी विचार कर," मी म्हटलं.

ती चिरलेली तबली अब्बांनी फेकली नव्हती. दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवली होती. ते गेल्यावर मी ती काढायचा विचार केला, पण हात झाला नाही. तिच्या एका काठाला भोपळ्याची ढलपी अजून घट्ट चिकटलेली आहे. पुतण्याला ती दाखवली आणि रात्री सरस भिजत घालायला सांगितला.